अव्वाच्या पुस्तिकेची फाइल

"फक्त प्रिंट काढून द्या" असं म्हणत कुणी दुकानात शिरलं की माझं डोकं सटकतं. फक्त काय, फक्त? भवानी पेठेत माझं डीटीपीचं आणि किरकोळ छपाईचं दुकान आहे. वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत एकही प्रिंट मी 'फक्त' काढलेली नाही.

लोकांना वाटतं पडद्यावर दिसतं तेच कागदावर उतरतं, आरशात तोंड दिसावं तसं. तसं नसतं. प्रिंटरला अक्षर कळत नाही. फाइलमध्येसुद्धा अक्षर नसतं, नुसता एक नंबर असतो. त्या नंबराला कुठला आकार द्यायचा ते फॉन्ट ठरवतो. मग कॉम्प्युटर अख्ख्या पानाचं वर्णन तयार करतो, की इतकं अंतर सोडा, हा आकार इथं ठेवा, तो त्याच्याखाली. शेवटी त्या वर्णनाचेही बारीक ठिपके होतात आणि शाई त्या ठिपक्यांवर पडते. म्हणजे तुम्ही लिहिलेलं पत्र कागदावर येईपर्यंत तीनदा तरी दुसरंच काहीतरी झालेलं असतं. गिऱ्हाइकाला हे सांगायला गेलं तर तो घड्याळ बघतो.

त्यात आपल्याकडं जुने फॉन्ट. वकिलाचा वेगळा, शाळेचा वेगळा, प्रेसवाल्याचा वेगळा. एकाच नंबरावर एकाच्या फॉन्टात 'क' बसलेला, दुसऱ्याच्या फॉन्टात 'भ'. फाइल या मशीनवरून त्या मशीनवर गेली आणि फॉन्ट बरोबर गेला नाही, की पानावर जत्रा भरते. मग माणूस ओरडतो, "माझ्याकडं बरोबर दिसत होतं." हे वाक्य मी रोज ऐकतो. यावर उपाय दोन. एक, पीडीएफ करून आणा. त्यात फॉन्ट आतच बांधून येतो, डब्यात भाजी यावी तसा. दुसरा, आम्ही लोक करतो तो. सगळा मजकूर कर्व्ह करून टाकायचा. कर्व्ह केला म्हणजे अक्षराचं अक्षरपण गेलं, उरलं ते नुसतं चित्र. कुठल्याही मशीनवर उघडा, चित्र हलत नाही. पण मग त्यात एक काना बदलायचा म्हटला तरी बदलता येत नाही.

हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. म्हणून पुढं जे झालं ते माझ्या हातून व्हायला नको होतं.

आणखी एक सांगायला हवं. मी वाचत नाही, बघतो. लग्नपत्रिका, दुखवट्याचे निरोप, पतसंस्थेचे अहवाल, कॉलेजातल्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं आणि त्यातलं काही आत उतरत नाही. मी बघतो ते समास, ओळींतलं अंतर, फोटोचा काळपटपणा. कुणाचं लग्न, कोण गेलं, मला विचारू नका. सुरुवातीला वाचायचो. मग सुटलं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझी आई गेली. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. चार दिवस ताप, दवाखाना, आणि गेली. तिला माती देऊन रुद्रभूमीतून आलो, आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून तिच्या निरोपाचं कार्ड मीच लावलं. कोण लावणार दुसरं? फोटो कापला, ओळी मधोमध घेतल्या, काळी चौकट जाड दिसत होती ती बारीक केली. मला काही वाटलं नाही. हे फुशारकीनं सांगत नाही आणि लाजूनही नाही. तसं होतं, इतकंच. बायको एकदोनदा म्हणाली, "रडा की एकदा, मोकळं वाटंल." मी म्हटलं बघू. पुढं तिनंही नाद सोडला. दिवस निघत होते, मी जेवत होतो, झोपत होतो, दुकानात येत होतो. कुणी अव्वाचा विषय काढला की मी ऐकून घ्यायचो आणि ते बोलणं दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल चाललंय असं वाटायचं.

आमच्या घरात कन्नड बोलतात. सोलापुरातली आमच्यासारखी लिंगायत घरं बहुतेक अशीच, घरात कन्नड, दारात मराठी. मी कन्नडात भांडू शकतो, भाजीचा भाव पाडू शकतो, लहान पोराला झोपवू शकतो. पण शाळा मराठी. त्यामुळं कन्नडातलं एक अक्षर वाचता येत नाही. स्टँडवर कर्नाटकाची गाडी लागली की मी पाटी बघत नाही, कंडक्टरला विचारतो. माझ्या वयाच्या आमच्या सगळ्या चुलत-मावस भावंडांचं असंच आहे. याची कुणाला लाज नाही आणि कुणाला त्यात काही विशेषही वाटत नाही.

वडील, म्हणजे आमचे अप्पा, तेवढे कन्नड शाळेत शिकलेले. हद्दीपलीकडच्या खेड्यात सातवीपर्यंत. नंतर सोलापुरात येऊन चादरीच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात जन्म काढला. चादर उजेडात धरायची आणि सुटलेला धागा शोधायचा, हे त्यांचं काम. फार बोलणारा माणूस नाही.

अव्वाला जाऊन आठ-नऊ महिने झाले असतील. अप्पांनी माझ्याकडून एक जाड वही मागून घेतली. रोज दुपारी जेवण झालं की ओसरीत खुर्ची टाकून लिहायला बसायचे. मला वाटलं, वर्षाच्या पुण्यस्मरणाला कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी करायलेत. एक दिवस वही माझ्या हातात ठेवली. पहिल्या पानापासून जवळजवळ शेवटापर्यंत भरलेली, सगळी कन्नडात. (ते माझ्याशी कन्नडातच बोलतात. मी इथं मराठीत लिहितोय, पण त्यांच्या बोलण्याच्या वळणानं.)

"तुझ्या अव्वाचं हाय," ते म्हणाले. "वर्षाला जी माणसं येतील त्यांच्या हातात हे पडलं पायजे. तिच्याबद्दल आजवर कुणी दोन ओळी लिवल्या न्हाईत. तू सगळ्या गावाचं छापतूस. हे एक नीट छाप."

मी म्हटलं, "मराठीत का नाही लिहिलं अप्पा? आता कन्नड वाचणारं कोण राहिलंय आपल्यात?"

"तिच्याशी मी मराठीत कधी बोललो?" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी वही घेतली. त्यांनी माझ्याकडं उभ्या जन्मात काही मागितलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ही पुस्तिका नीट झाली पाहिजे, हे मी मनाशी पक्कं केलं. मन म्हणजे काय, त्या दिवसांत मनाच्या जागी जे काही होतं त्याच्याशी.

कन्नड टाइप करणाऱ्या एक बाई आहेत. कन्नड शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरीच कॉम्प्युटर ठेवलाय. त्यांना वही नेऊन दिली. पंधरा दिवसांनी त्यांनी मोबाइलवर दोन फायली पाठवल्या, एक साधी डॉक्युमेंटची आणि एक पीडीएफ. खाली मराठीत लिहिलं होतं, पीडीएफ पाहून घ्या, वही सवडीनं आणून देते.

पीडीएफ मोठ्या पानाची होती. मला छोटी पुस्तिका करायची होती, खिशात मावेल अशी. म्हणजे मजकूर नव्यानं ओघळवून घ्यावा लागणार. म्हणून मी पीडीएफ बाजूला ठेवली आणि डॉक्युमेंट उघडलं. उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, टोप्या घातलेले ए आणि ओ. म्हणजे बाईंचा फॉन्ट माझ्याकडं नाही. रोजचंच. एक फोन करून "बाई, फॉन्ट कुठला वापरलात" एवढं विचारायचं होतं. विचारलं नाही. का नाही, तर असल्या गोष्टी मी कुणाला विचारत नाही, लोक मला विचारतात. हा माझा माज. दुसरं काही कारण नाही.

माझ्या मशीनमध्ये एक कन्नड फॉन्ट होता, कुठल्यातरी लग्नपत्रिकेच्या वेळी घातलेला. सगळा मजकूर धरला, तो फॉन्ट लावला, आणि टोप्या-टिंबं जाऊन पानभर गोल गोल, गुबगुबीत कन्नड अक्षरं उभी राहिली. जीव भांड्यात पडला. फार सुंदर दिसत होतं. मी बघितलं. ओळीतलं अंतर थोडं वाढवलं, कारण त्यांच्या अक्षरांच्या पोटाखाली आणखी अक्षरं लटकतात, ती खालच्या ओळीला लागत होती. वरच्या पानावर अव्वाचा फोटो टाकला, अकलूजला एका लग्नात काढलेला. तिच्या शेजारी उभी असलेली बाई कापून काढली. मग सवयीनं सगळा मजकूर कर्व्ह केला, छपाईच्या प्लेटा करून देणाऱ्याच्या मशीनवर काही बिघडू नये म्हणून.

मराठी असतं तर पहिल्या ओळीलाच कळलं असतं. 'क'च्या जागी 'भ' आला की माझा हात आपोआप थांबतो. पण इथं माझ्यापुढं नुसती नक्षी होती. नक्षी सरळ होती, समास सारखे होते.

कर्व्ह करण्याआधी अप्पांना दाखवायचं होतं. अगदीच विसरलो नव्हतो. पण नेमका त्याच आठवड्यात त्यांचा मोतीबिंदू काढला होता. काळा चष्मा, दिवसातून चारदा थेंब, आणि थोडे दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. मी दोनचार पानांची प्रिंट घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी गेलो होतो.

"तू बघितलास न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"मग झालं."

बघितलं होतं. खोटं बोललो नाही.

छापून आल्यावर घड्या मी घातल्या, पिना मी मारल्या, कटिंगही मीच केलं. एक एक गठ्ठा ठोकून सरळ करून कापला. इतकं नीट काम मी त्या वर्षात दुसऱ्या कुणाचं केलं नसेल. त्यात मला बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. हात चालत होते.

पुण्यस्मरणाला घराजवळचा हॉल घेतला होता. स्वामी आले, पूजा झाली, सगळे नातेवाईक जमले. अक्कलकोटकडचे, वळसंगचे, शहरातले. पुस्तिका वाटली. प्रत्येकानं घेतली, डोळ्यांना लावली, उघडली, आत देवाचं चित्र असावं तसं दोन क्षण बघितलं आणि पिशवीत ठेवली. "लई छान झालंय बघ," असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. कागद चांगला आहे म्हणाले. फोटो लई छान आलाय म्हणाले. हॉलभर कन्नड बोलणारी माणसं आणि कन्नड वाचणारं त्यात कुणी नाही. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. एक आत्या तेवढी, अप्पांची बहीण, गुलबर्ग्याकडून आलेली. तिनं पुस्तिका उघडली, दोन-तीन पानं उलटली, मग मान वर करून अप्पांकडं बघितलं. अप्पांनी तिच्याकडं बघितलं. तिनं पुस्तिका मिटली आणि पदराखाली धरून बसली. मला वाटलं, म्हातारीनं चष्मा आणला नसेल.

जेवणाआधी अप्पा उठले. कुणीतरी माइक धरला. त्यांनी पुस्तिका उघडली, नवा चष्मा नीट केला आणि वाचायला लागले. अर्धा तास तरी वाचलं असेल. मधे मधे पान उलटत होते. मी मागं, दारापाशी उभा होतो. माझ्या हातातल्या प्रतीची वरची पिन दोन सूत सरकलेली दिसली. म्हणून शेजारच्या खुर्चीवरची उचलून बघितली, तिचीही सरकलेली. मग मी उरलेल्या गठ्ठ्यातल्या प्रती एकेक करून तपासत बसलो, किती ठिकाणी असं झालंय ते. अप्पांचा आवाज कानावर येत होता. आमच्या गल्लीत यंत्रमाग दिवसभर चालतो, तो कानावर येतो पण कुणी ऐकत नाही, तसा. मधेच समोरच्या बायका रडायला लागल्या. बायकोनं पदर तोंडाला लावला होता. एक चुलतभाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी पिना बघत होतो.

नंतर पंगती बसल्या. मी गव्हाची गोड हुग्गी वाढली. एका मामांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "काय लिवलंय रं अप्पांनी." मी "हो" म्हटलं आणि पुढच्या पानावर गेलो.

महिनाभर तरी गेला असेल. टायपिंगच्या बाईंना एक प्रत द्यायची राहिली होती. पेठेतच राहतात, जाता जाता त्यांच्याकडं गेलो. जरा ऐटीतच दिली, खरं सांगतो. त्यांनी हात पुसून घेतली, फोटोला नमस्कार केला, पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग मधलं एक. मग परत पहिलं. मला वाटलं वाचायलेत.

"हे कुणी वाचलं का?" त्यांनी विचारलं.

"अप्पांनी वाचलं की. सगळ्यांसमोर. माणसं रडली."

त्या आत जाऊन मोबाइल घेऊन आल्या, मला पाठवलेली पीडीएफ उघडली आणि पुस्तिकेशेजारी टेबलावर ठेवली. "तुम्हीच बघा," म्हणाल्या.

मी बघितलं. बघायचं तर माझं कामच. पीडीएफमधल्या पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर गोल, वर शेंडी असलेलं. माझ्या पुस्तिकेतलं पहिलं अक्षर आडवं, पोटात गाठ मारलेलं. दुसरं वेगळं. तिसरं वेगळं. शाळेत न गेलेल्या माणसालाही कळलं असतं. दोन्ही फायली माझ्याच मोबाइलमध्ये एकीखाली एक पडलेल्या होत्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"तुमचा फॉन्ट दुसऱ्या कीबोर्डचा आहे," बाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्या हळू बोलत होत्या, शिक्षिका नापास पोराशी बोलतात तसं. "अक्षरं कन्नडच आहेत. पण यात शब्द एकही नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काहीच लिहिलेलं नाही यात."

"मग अप्पांनी वाचलं कसं?"

"वही तर माझ्याकडंच राहिलीय अजून." त्यांनी कपाटातून वही काढून दिली. "त्यांनी वाचलं नाही. त्यांना येत होतं ते सांगितलं असणार."

मी वही घेऊन बाहेर पडलो. चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. अर्धा तास अप्पा हॉलात उभे होते. पानं उलटत होते ते. बरोबर जिथं पान संपलं असतं तिथं उलटत होते, समोरच्याला काही कळू नये म्हणून. सुटलेला एक धागा हेरणारा माणूस. त्याच्या हातात मी अख्खी चादर उसवून दिली, आणि त्यानं ती सगळ्यांपुढं नीट घडी घालून दाखवली. वर्षभरात मला पहिल्यांदा काही वाटलं ते तिथं, आणि तो राग होता. आधी त्यांचाच राग आला. मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायला काय झालं होतं? मग कळलं की त्यांच्यावर रागवायची सोय नाही. मग उरलो मी.

दुकानात आलो. मोबाइलमधली पीडीएफ मशीनवर घेतली. हसू येईल, पण खरं सांगतो. प्रिंटच्या खिडकीत 'बुकलेट' म्हणून एक खूण असते. ती केली की मशीन स्वतःच पानं लहान करतं, दोन-दोन शेजारी लावतं, घडी घातल्यावर क्रमानं येतील अशी उलटसुलट मांडतं. फॉन्ट आत बांधलेला होताच. मला काही लावायचं नव्हतं, ओघळवायचं नव्हतं, कर्व्ह करायचं नव्हतं. चहा थंड व्हायच्या आत पाच प्रती झाल्या. बाईंनी पाठवलं होतं ते फक्त प्रिंट मारायचं होतं.

एक प्रत अप्पांसाठी जरा मोठी काढली, समास कमी करून.

दुपारी घरी गेलो. अप्पा ओसरीत खुर्चीवर बसले होते. वही आणि नवी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी प्रत उघडली. पहिल्या ओळीखाली बोट धरलं, ओळीच्या शेवटापर्यंत नेलं, मग दुसऱ्या ओळीखाली.

"आता बरोबर हाय," म्हणाले.

"तुम्हाला तिथंच कळलं होतं."

"व्हय. हातात घेतली तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पुस्तकं वाटून झालेली. एवढी माणसं जमलेली. आन् त्यातल्या कुणाला वाचता येतंय? त्यांनी ऐकायचंच हुतं. ऐकवलं." मग म्हणाले, "तू कागद लई नीट कापला हुतास."

मी खाली पायरीवर बसलो. ते वाचायला लागले, मनातल्या मनात. बोट ओळीखालून सरकत होतं. मधेच एका ठिकाणी हसले. एका ठिकाणी बोट बराच वेळ थांबलं. माझ्या हातातही एक प्रत होती. मी ती उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या अक्षरांचा हेवा वाटला, म्हणजे अप्पांचा. माझ्या आईबद्दलचं सगळं माझ्या हातात होतं, मीच छापलेलं, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"मोठ्यानं वाचा की अप्पा," मी म्हटलं.

"वाचलं की हॉलात. तू हुतास की तितं."

इथं गप्प बसता आलं असतं. हो, होतो, एवढं म्हणून उठलो असतो तर त्यांना कधी कळलं नसतं. पण त्यांनी माझ्यासाठी अर्धा तास पानं उलटली होती.

"होतो," मी म्हटलं. "पण ऐकलं नाही. मी पिना बघत होतो अप्पा. दोन सूत सरकल्या होत्या, त्या मोजत होतो. तुम्ही काय बोललात त्यातला एक शब्द मला माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पानं मागं उलटून पहिल्या पानावर आले आणि वाचायला सुरुवात केली, हॉलात वाचल्यासारखं नाही, घरात बोलतात तसं.

बोललेलं कन्नड मला कळतं. अव्वा पहिल्यांदा सोलापुरात आली तेव्हा यंत्रमागाच्या आवाजानं तिला आठवडाभर झोप आली नाही, आणि नंतर माहेरी गेली तर तो आवाज नाही म्हणून झोप आली नाही. अप्पांची चप्पल तुटली की ती सांगायची नाही, शिवून आणून जागेवर ठेवायची. तिखट तिला सोसायचं नाही, पण घरात सगळ्यांना लागतं म्हणून कधी बोलली नाही, शेंगाचटणी ताटात वाढून घ्यायची आणि तशीच बाजूला सारायची. यातलं काही मला माहीत होतं, पुष्कळ माहीत नव्हतं. मी ऐकत होतो. बायको आतून येऊन दाराला टेकून उभी राहिली.

मग अप्पांनी वाचलं, "मंगळवारच्या बाजारातून येताना ती थोरल्याच्या दुकानात जायची. दारातल्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसायची. तो कॉम्प्युटरकडं तोंड करून बसलेला, त्याची पाठ इकडं. ती हाक मारायची नाही, त्याचं काम मोडंल म्हणून. पंख्याखाली घाम वाळंपर्यंत बसायची, त्याच्याकडं बघायची आणि उठून यायची. घरी आल्यावर मला सांगायची, पोराला भेटून आले."

मी बसतो तिथून दार दिसत नाही. दर मंगळवारी ती माझ्या मागं बसून गेली होती आणि मला पत्ता नव्हता. एकदा मान वळवली असती तरी पुरलं असतं. रडू आलं आणि थांबेना. मी तोंडावर हात धरला. बायको आत गेली. अप्पा वाचायचे थांबले.

"तेवढं परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी बोट मागच्या ओळीवर नेलं आणि परत वाचलं.